माझ्याविना लिहिलेला अर्ज

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे, इंग्रजी वाक्प्रचारांचे. नागपूरच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला आणि मेहकरच्या बाजारातून मोतीराम मास्तर मला जानेफळला घेऊन आले. तेव्हा मी कोरे करकरीत होते आणि, खरे सांगायचे तर, थोडे गर्विष्ठही.

माझ्या एका पानावर यशाची आशा सांगणारे चौदा वाक्प्रचार होते. साहेब लोकांना आशा असली की ते म्हणतात, दारात पाऊल शिरले; नाही तर म्हणतात, बोगद्याच्या टोकाला उजेड दिसला. मास्तरांनी ते पान इतके घोकले की त्याचे कोपरे झिजले. मला धन्य वाटे.

मास्तर गावच्या मराठी शाळेत होते. तालुक्याच्या इंग्रजी शाळेत एक जागा निघाली, पण तिला वयाची पंचवीस वर्षांची अट होती आणि माघात मास्तरांचे पंचविसावे संपणार होते. हा त्यांचा पहिला अर्ज आणि शेवटचाही.

त्यांनी अर्जात माझे चौदाच्या चौदा वाक्प्रचार घातले. पोळ्याला एकाच बैलावर झूल, बाशिंग, घागरमाळा सगळे चढवावे, तसा तो सजला. मग त्यांनी तो पत्नीला, सत्यभामाबाईंना, मराठीत अर्थ सांगत वाचून दाखवला. त्या ज्वारी निवडत ऐकत होत्या.

"सारं एकच तं सांगून राह्यले तुमी," त्या म्हणाल्या, "का मले आशा हाये. कापूस वेचाच्या दिवसात शाळा ओस पडते, तवा तुमी फळा घेऊन धुऱ्यावर जाता, पोराईले थितंच शिकवता. थे काऊन नाई लिवलं?"

"थे तं आपलं रोजचंच हाये."

"रोजचंच तं पाह्यजे त्याईले."

 मास्तरांनी अर्ज फाडला, मला मिटून कोनाड्यात ठेवले आणि साध्या इंग्रजीत धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, शाळा लिहून काढली. माझा एकही वाक्प्रचार त्यात नव्हता. मी फार रुसले. हा अर्ज फेटाळला जावा, असेही क्षणभर मनात आले. आज त्याची लाज वाटते.

पंधरा दिवसांनी बोलावणे आले. मुलाखतीहून परतून मास्तर सांगत होते, त्या शाळेच्या साहेबांनी वाक्प्रचार एकही विचारला नाही. धुऱ्यावर किती मुले बसतात, पाटी नसली तर कशावर लिहितात, एवढेच विचारत राहिले. मास्तरांना जागा मिळाली.

आता माझ्या शेवटच्या पानांना वाळवी लागली आहे. मित्रांनो, आम्हा पुस्तकांना अधूनमधून ऊन दाखवा, आमच्यातले शब्द आनंदाने घ्या. पण अर्ज तुमचा असेल, तर त्यात आधी तुम्ही दिसा. माझ्या चौदा वाक्प्रचारांना जे जमले नाही, ते सत्यभामाबाईंना जमले. आणि त्यांना इंग्रजीचे एक अक्षरही येत नव्हते.