दोन ठोकळे

दादाचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी उत्तर लिहायला बसलो होतो. तारीख घातली, 'प्रिय दादा' लिहिलं आणि थांबलो. तो कागद पुढे वर्षभर टेबलाच्या काचेखाली तसाच राहिला.

पत्राबरोबर लाकडाचा एक ठोकळा आला होता. मुठीपेक्षा थोडा मोठा, तांबूस, दिसतो त्याहून जड. ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाशी गाठ धरते. ती खणून, उकळून, महिनोन्महिने सुकवून असे ठोकळे कापतात आणि त्यांतून तंबाखूचे पाईप कोरतात. हे लाकूड सहजासहजी जळत नाही. दादाने लिहिलं होतं, "धाकट्या, खटपट करून असले दोन मिळवलेत. एक तुझा, एक माझा. पहिलं भोक तू पाड. पाडलंस की कळव, मग मी माझ्याला हात लावीन. जन्मभर माझ्या मागून आलास, एकदा पुढे हो."

खरं तर आम्ही दोघंही पाईप ओढत नाही. दादाची तंबाखू डॉक्टरांनी कधीच बंद केली, आणि मला नुसत्या वासाने ठसका लागतो.

"म्हणजे चणे आले आणि दात गेले," ही म्हणाली. "कोरा, कोरा. तेवढीच पुस्तकांना विश्रांती."

विश्रांती कसली! मी वाचनालयातून पाईप कोरण्यावरची पुस्तकं आणली, टिपणं काढली, आकृत्या काढल्या. वरून तंबाखू भरायची वाटी कोरायची, दांडीच्या टोकातून धुराचं बारीक भोक पाडायचं, आणि ते वाटीच्या अगदी तळाशी येऊन मिळायला हवं. झालं. हे मला इतकं पाठ झालं की ही मला 'पाईपशास्त्री' म्हणू लागली. ठोकळा मात्र कपाटात होता. असला दुसरा आपल्याला कुठून मिळणार, आणि आपण तो नासवणार, याची मला खात्रीच होती.

शेवटी हत्यारं तरी आणावीत म्हणून हार्डवेअरच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकांची गर्दी ओसरेपर्यंत रंगांचे डबे वाचत उभा राहिलो.

"काका, रंग हवाय का?"

"नाही. ड्रिलचं बिट. भोक पाडायला."

"भिंतीत का लाकडात?"

"लाकडात."

"कसल्या?"

पाईप म्हणायची मला लाज वाटली. "साध्याच," मी म्हणालो.

"साध्या लाकडातल्या साध्या भोकासाठी अर्धा तास विचार केलात, काका. माणूस घर घेताना एवढा करत नाही."

मी घाईघाईने तीन बिटं, एक कानस आणि पॉलिश पेपर घेऊन घरी आलो. हिने पिशवी उलटी केली. "आणि ड्रिल?"

ड्रिल राहिलंच होतं. दुसऱ्या दिवशी ते हीच जाऊन घेऊन आली. शिवाय लाकूड आवळून धरायला टेबलाला बसणारा एक छोटा शिकंजाही आणला. दुकानदाराने तिला काहीही विचारलं नाही म्हणे.

सरावासाठी मी मोडक्या टेबलाच्या जाड पायाचा तुकडा घेतला. आठवडाभर कानस चालवली. वाटी कशी गोल, दांडी कशी निमुळती! मलाच विश्वास बसेना. हिनेसुद्धा हातात घेऊन फिरवून पाहिला. मग मी भोक पाडायला घेतलं. गोल लाकूड शिकंजात घसरत होतं. बिट दांडीतून आत शिरलं आणि वाटीच्या कुशीतून बाहेर डोकावलं.

"वा," ही म्हणाली. "चिमणीची सोय झाली."

पुस्तक उघडलं. आधी ठोकळा चौकोनी असतानाच भोकं पाडावीत, आकार नंतर द्यावा, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. ते वाक्य मी पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं. इतकं नीट, की पुन्हा वाचायची गरज वाटली नव्हती.

त्यानंतर मी हत्यारं आवरून ठेवली. दादाचं काय, त्याने गमतीत लिहिलं असेल, एव्हाना त्याचा पाईप तयारही झाला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. दादाला फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे विचारायचीही सोय नव्हती. तेवढंच बरं वाटत होतं.

मग एका रविवारी वहिनींचा हिला फोन आला. बोलणं झाल्यावर ही माझ्यासमोर येऊन बसली. या वेळी हसत नव्हती.

"भावजींचा ठोकळा तसाच आहे. रोज पुसून ठेवतात. वहिनी म्हणाल्या, करून टाका ना. तर म्हणे, धाकट्याचं पत्र येऊ दे."

मी कपाटाकडे पाहिलं.

"आणि हल्ली त्यांचा उजवा हात थरथरतो. वाढत चाललंय."

मग तीच म्हणाली, "सुरुवात केली, असं लिहून टाका. कोण बघायला येतंय?"

मी काचेखालचा कागद काढला. पेनचं टोपणही काढलं. जन्मात पहिल्यांदा दादाने मला पुढे जायला सांगितलं होतं, आणि मी नुसता कागदावरच पुढे जाणार होतो. टोपण परत लावलं. कपाट उघडलं.

"आत्ता?" ही म्हणाली.

"आत्ताच. उद्या मी पुन्हा वाचायला बसेन."

चौकोनी ठोकळा शिकंजात गच्च बसला. वाटीचं भोक सरळ उतरलं. दांडीचं पाडताना माझा हात असा कापू लागला, की थरथरतो तो दादाचा का माझा, कळेना. ही बाजूला वाकून, एक डोळा मिटून बघत होती.

"वर चाललंय. खाली घ्या. अहो, खाली म्हणजे माझ्याकडे नाही, खाली!"

एकाएकी बिट मोकळं फिरलं. मी दांडीच्या भोकाला तोंड लावून जोरात फुंकलं. वाटीतून भुसा उसळला तो थेट हिच्या चष्म्यावर.

"मिळाली भोकं," ती चष्मा पुसत म्हणाली.

मिळाली होती, पण तळापासून जरा वर. शास्त्राप्रमाणे ही चूकच. मी ठोकळा उजेडाकडे धरून हळहळू लागलो, तेव्हा तिने तो काढून घेतला आणि पेन हातात दिलं.

मी लिहिलं: "दादा, पहिलं भोक पाडलं. दुसरंही. ते जरा वर गेलं, पण वारा जातो. तू आता थांबू नकोस. ठोकळा शिकंजात घट्ट बसव, म्हणजे हाताचं फारसं काही चालत नाही. वहिनींना बाजूला उभं राहून बघायला सांग. त्या ओरडतील. ऐक."

वर्षभराच्या उशिराबद्दल एक मोठा परिच्छेद मनात तयार होता. हिने त्याआधीच पाकीट चिकटवलं.

टपालपेटीपाशी मी एकटाच गेलो. पाकीट फटीत सरकवलं आणि कोपरा धरून राहिलो. 'शिकंजा' बरोबर लिहिला होता ना? आणि वर गेलं ते किती वर, हे सांगायला नको होतं का?

मागे एक बाई आपली पत्रं घेऊन उभी होती. "आजोबा," ती म्हणाली, "टाकताय का काढताय?"

"टाकतोय," मी म्हणालो आणि कोपरा सोडला.