बांधावरची चाल

पुण्यात नोकरी लागून मला चार-दोन वर्षं झाली होती, म्हणजे मी स्वतःला पक्का पुणेकर समजायला लागलो होतो. संध्याकाळी संभाजी बागेत नवरा-बायको शेजारी शेजारी रमतगमत फिरताना दिसायचे आणि मला गावाकडच्या माणसांची कीव यायची. कुठेही पोचायचं नसताना चालायचं, हे सुख आमच्या मुळशीत कुणाच्या गावीही नव्हतं.

माझी बायको रत्ना तेव्हा माले गावात माझ्या आईजवळ राहायची. ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर डोळे तपासायला म्हणून ती पुण्यात आली. मी कसबा पेठेत एक खोली बघून ठेवली होती. तिथे माझ्यासोबत राहायला येतेस का, एवढंच तिला विचारायचं होतं. गावात ती सोय नव्हती. आमच्या घरात भिंतींना कान आहेत आणि ते सगळे आईचे आहेत. म्हणून तिला बागेत फिरायला नेलं.

आत शिरल्या शिरल्या मी विचारून टाकलं, "अगं, हितं ऱ्हायला येतीस का?"

उत्तर नाही. मग मी एकेक आमिष दाखवायला लागलो. नळ दारातच हाय म्हणालो. नवा स्टोव्ह घेऊ म्हणालो. आईची समजूत मी काढतो म्हणालो, जे आजवर माझ्या बापालाही जमलेलं नाही. मागून पावलं वाजत होती, तोंडातून मात्र चकार शब्द नाही. शेवटी मी हात टेकले. "बरं, रविवारची भांडी मी घासतो. तुझ्याबिगर करमत न्हाई मला," एवढं बोलून मागे वळलो.

मागे मफलर गुंडाळलेले एक पेन्शनर गृहस्थ होते.

"माझी काही हरकत नाही," ते म्हणाले. "पण आमच्या हिला विचारावं लागेल."

भातखाचराच्या बांधावर दोन माणसं शेजारी मावत नाहीत. नवरा पुढे, बायको मागे, बोलायचं ते मान न वळवता, अशीच आमची सगळ्यांची चाल. इथे बैलगाडी जाईल एवढी वाट होती आणि हा पक्का पुणेकर बांधावरूनच चालला होता, तोही एस.टी. सुटत असल्यासारखा.

आल्या वाटेनं पळत सुटलो. रत्ना पहिल्याच वळणावर बाकावर बसली होती, नवी चप्पल काढून, टाचेवरचा फोड चोळत.

"चप्पल चावतीया म्हून हाक मारली की मी," ती म्हणाली.

मी धापा टाकत तिच्यासमोर उभा राहिलो. आता तोंडाकडे बघून विचारायचं म्हणताना माझं ततपप झालं. "ते मगाशी मी इचारलं हुतं..."

"मी तवाच व्हय म्हणले," रत्ना म्हणाली. "तुमी थांबलाच न्हाई."