मी, मोहन्याचं लोकरीचं आतडं

मी एक आतडं बोलतोय. मोठं आतडं, पण लोकरीचं. नाक मुरडू नका. मी धुतलेला आहे, आणि माझ्या पोटात कापसाशिवाय काहीही नाही.

माझा जन्म ठाणे जिल्ह्यातल्या मोहने गावचा. मायाबाईंच्या सुयांवर तोवर वस्तीतल्या बाळांची टोपडी आणि मोजे झाले होते. आतडं पहिल्यांदाच. सून ऐश्वर्या मोबाइलवरचा नमुना वाचून दाखवायची, "आई, आता दोन टाके कमी करा," आणि मायाबाई करायच्या. नमुना परदेशातला, गमतीचा. त्यात मला दोन डोळे होते आणि हसरं तोंडही.

"तोंड नको," मायाबाई म्हणाल्या. "ह्यांना वाटेल, चेष्टा करतेय."

'हे' म्हणजे त्यांचे मालक, भगवानभाऊ. उमेदीची सारी वर्षं धाग्याच्या कारखान्यात गेलेली. यंत्रांच्या वरताण बोलायची सवय, त्यामुळे आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. गेल्या वर्षी त्यांच्या आतड्याला गाठ निघाली. ठाण्याच्या डॉक्टरांनी ती काढली, जीव वाचला. पण आतड्याचं टोक पोटावर बाहेर आणून ठेवावं लागलं. त्याला स्टोमा म्हणतात. शौच तिथूनच, पोटाला चिकटवलेल्या पिशवीत. कायमचं.

भगवानभाऊंनी ते कधी पाहिलंच नाही. मायाबाई पिशवी बदलायच्या तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. एका साखरपुड्यात पिशवी सुटली, सदरा खराब झाला, आणि त्या दिवसापासून त्यांनी उंबरा ओलांडला नाही. कुणी भेटायला आलं की झोपेचं सोंग.

त्यात मायाबाईंना मोतीबिंदू. पिशवीच्या चिकट चकतीला स्टोमाच्या मापाचं भोक कापावं लागतं. विणकाम बोटांच्या सवयीने व्हायचं, पण कापताना नीट दिसेना; भोक मोठं पडायचं आणि भोवतीची कातडी मळ लागून सोलून निघायची. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली. "मी पडून राहिले तर ह्यांचं कोण करणार?" ऐश्वर्या तयार होती, पण सुनेसमोर सदरा वर करायला भगवानभाऊ मुळीच तयार नव्हते.

शेवटी ठाण्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "त्यांनाच शिकवा. स्वतःवर नको वाटत असेल, तर आधी दुसऱ्या कशावर तरी हात बसू द्या."

ते 'दुसरं काहीतरी' म्हणजे मी. नमुन्यात माझं शेपूट बंद होतं. मायाबाईंनी ते उघडं ठेवलं. पोट म्हणून एक चौकोन विणला, त्याच्या मधल्या भोकातून माझं टोक बाहेर काढलं आणि स्वेटरची बाही दुमडतात तसं उलटवून शिवलं. लाल, गोल, बटणासारखं सपाट.

दोन दिवस भगवानभाऊंनी मला चादरीखाली ढकललं. तिसऱ्या दिवशी उचलून चाचपलं.

"टाका फार घट्ट आहे गं. धागा गुदमरलाय."

"मग सांगा, कसा हवा ते."

"आणि हे असं सपाट असतं होय? काहीही विणतेस!"

"मला कुठे दिसतंय? तुम्हीच बघा नि सांगा."

भगवानभाऊ उठले. मग छोटा आरसा घेऊन मोरीत गेले. आतून कडी लागली. बाहेर मायाबाईंच्या हातातल्या सुया थांबल्या. बराच वेळ नळाचाही आवाज नव्हता.

बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज कारखान्यातला. "गोल नाहीये ते! लांबट आहे, चिंचोक्यासारखं. बोटाच्या पेरभर वर आलंय. उसव!"

मायाबाईंनी माझं टोक उसवलं. सुटलेला धागा भगवानभाऊंनी स्वतः गुंडाळला. तीनदा विणलं, तीनदा उसवलं.

"माझ्या आमटीत एवढ्या खोडी काढल्या असत्यात तर मी सुगरण झाले असते," मायाबाई म्हणाल्या, आणि दोघंही हसली. त्या घरात हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

चौथ्यांदा जमलं. मग भाऊ माझ्या टोकाच्या मापाने कागदाच्या चकत्या कापू लागले. पहिलं भोक वाकडं, दुसरं मोठं, सातवं नेमकं. त्यानंतरची खरी पिशवी त्यांनी स्वतःच्या पोटाला लावली, खिडकीशी बसून, भर उजेडात. हळूहळू कातडी भरून आली.

मायाबाईंच्या ऑपरेशनला सोबत तेच गेले, इस्त्रीचा सदरा घालून. गल्लीतल्या सखारामने हाक मारली, "जयभीम, भाऊ! आज कुठे दौरा?"

"बायकोचे डोळे आणायला!" साऱ्या गल्लीने ऐकलं.

आता मी ठाण्याला, सिस्टरांच्या टेबलाच्या खणात राहतो. भगवानभाऊ महिन्यातून एकदा येतात आणि नव्या पेशंटशी बोलतात. परवा जाईबाई नावाच्या शिक्षिका आल्या, पदराने पोट घट्ट झाकून. भाऊंनी मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. "हे माझं माप. तुमचं वेगळं असेल. बघा आणि सांगा, माझी बायको तसं विणून देईल."

बाईंनी माझ्या टोकावरून बोट फिरवलं. मग हळूच विचारलं, "वर्गात उभं राहता येईल ना?"

"येईल की. कधी कधी तिथून आवाज येतो, मुलं हसतील. तुम्हीपण हसा."

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्यांच्यासमोर कुजबुजू नका. जेवलात का विचारा, चला जरा बाहेर म्हणा.

काल जाईबाईंचं माप आलं. मायाबाईंच्या सुयांवर माझं धाकटं भावंड चढलंय. ते पुरं होईपर्यंत बाई माझ्यावरच हात बसवणार आहेत. सिस्टरांनी खण उघडला. बाई आल्या वाटतं. येतो मी.