गांबा गवतातला सायप्रस

डार्विन शहरापासून अर्ध्या तासावर, हॉवर्ड स्प्रिंग्जच्या एका पाच एकरांच्या प्लॉटवर मी उभा आहे. इथले लोक मला सायप्रस पाइन म्हणतात. मी ऑस्ट्रेलियाच्या उष्ण उत्तरेतलाच, बाहेरून आलेला नाही. नावात पाइन असलं तरी माझी पानं सुयांसारखी नसतात; बारीक खवल्यांसारखी, तीन-तीनने फांदीला बिलगलेली असतात.

साठेक वर्षांपूर्वी सरकारी माणसांनी लाकडासाठी आम्हाला इथे रांगेत लावलं. पण मी वाढतो फार सावकाश. लागवड बंद पडली, जमिनीचे प्लॉट पडले आणि आमची रांग कुणाच्या तरी परसात गेली.

पहिला मालक कॉस्टा, ग्रीक सुतार. त्याने माझ्या शेजारची चार झाडं कापून घराचे खांब केले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण इथली वाळवी दारं-खिडक्यासुद्धा सोडत नाही, ती त्या खांबांना अजून शिवलेली नाही. आमचं लाकूड आणि साल वाफेवर धरली की निळं, सुगंधी तेल निघतं. आणि इथल्या मूळ रहिवाशांना तर त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे, की आमच्या धुराने डास पळतात.

वय झाल्यावर कॉस्टाने घर विकलं आणि तो शेजारच्याच छोट्या घरात राहायला गेला. आमचं घर घेतलं पुण्याहून आलेल्या यतिन आणि मीनाक्षीने. तो इंजिनिअर, ती एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या सेवाकेंद्रात, नर्स. मुलगी शिवांगी नऊ वर्षांची.

प्लॉटवर पुरुषभर उंचीचं गांबा गवत माजलं होतं. यतिनला ते आवडायचं. "काय हिरवंगार आहे!"

कॉस्टा कुंपणापाशी येऊन म्हणाला, "मेट, हे आफ्रिकेतून आणलेलं गवत. वाळलं की पेट्रोलसारखं पेटतं. निलगिरी जळली तरी परत फुटते, सायप्रस पूर्ण जळला की संपला. कापून टाक."

"नो वरीज, नेक्स्ट वीकेंडला करतो."

तो वीकेंड चार महिने उगवला नाही. सप्टेंबरात, इथला कोरडा मोसम संपत आला आणि गवत वाळून खडखडायला लागलं, तेव्हा एका शनिवारी मीनाक्षी स्वतःच ब्रशकटर घेऊन उतरली. "तुझं चालू दे, यतिन. मी निदान या एका झाडाभोवतीचं तरी काढते."

"मम, इट्स सो इची!" म्हणत शिवांगीने कापलेलं गवत लांब ओढून टाकलं. तेवढ्यातच दोघी दमल्या.

मंगळवारी दुपारी आग आली. यतिन घरून काम करत होता. धूर दिसताच तो नळी घेऊन धावला, पण ज्वाळा माझ्या शेंड्याहून उंच होत्या. आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांची गाडी आली, त्यांनी घर वाचवलं. रांगेतली पलीकडची तीन झाडं माझ्यासमोर गेली. मोकळ्या केलेल्या जागेशी आग थबकली. माझी पश्चिमेची बाजू तेवढी करपली.

मीनाक्षी शिफ्टवरून धावत आली. यतिन काजळलेल्या तोंडाने माझ्याजवळ उभा होता.

"माझ्यामुळे झालं गं हे."

ती म्हणाली, "हो. आता उद्या उरलेलं गवत कापायला स्लॅशर भाड्याने आण."

त्याने आणला.

माझ्या करपलेल्या फांद्यांवरची बोराएवढी फळं उकलली आणि पंखांच्या बिया राखेवर उडाल्या. वेट सीझन, म्हणजे इथला पावसाळा, सरता सरता शिवांगीला बोटभर रोपं सापडली. तेवीस! यतिन त्यांच्याभोवती काठ्या रोवायला बसला.

"ही त्या झाडाएवढी कधी होणार?" तिने कॉस्टाला विचारलं.

"पन्नास वर्षं तरी."

यतिनचा हात थांबला. "म्हणजे मी नव्वदीला टेकलेला असेन. तोवर इथलं गवत कोण काढणार?"

"बोथ ऑफ अस, डॅड. यू फर्स्ट."

तो हसला आणि पुढची काठी रोवायला लागला.

माझी पश्चिमेची बाजू बोडकीच राहणार. राहू दे. पूर्वेला यंदा नवी पालवी आहे. तुमच्या अंगणात माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला पाणी नको, खत नको. दर मे महिन्यात, इथला पाऊस नुकताच सरलेला असतो आणि गवत ओलं आहे तोवर, त्याच्याभोवतीची जमीन मोकळी करा. बाकी उभं राहायचं काम आमचं.