आत कुणी आहे का?

भूकंपानंतर तेराव्या दिवशी नेविन तुर्कस्तानातल्या किरिखानला पोचली. ती जर्मनीत डुइसबुर्गच्या बालवाडीत शिकवायची. आईवडील मूळचे याच भागातले, त्यामुळे तुर्की घरचीच भाषा. दोन आठवड्यांची रजा टाकून ती आली होती. ज्या मुलांचं कुणी सापडलं नव्हतं, त्यांच्या तंबूत तिला काम मिळालं.

अकरा मुलं होती. त्यांतली सहा-सात वर्षांची एक मुलगी चकार शब्द काढत नव्हती. नाव कळेना, म्हणून सगळे तिला बोन्जुक म्हणत, म्हणजे मणी. ‘धक्का बसलाय,’ नेविनने वहीत लिहिलं. चित्रं काढायला दिली, मांडीवर घेऊन गाणी म्हटली. बोन्जुक सगळं ऐकायची आणि ओठ मिटून बसायची.

सूप वाढणाऱ्या दोंदू मावशीचा तिच्यावर फार जीव. सून आणि नातू गमावून बसलेली ही बाई तळापर्यंत पळी घालून कोंबडीचे तुकडे शोधायची आणि बोन्जुकच्या वाडग्यात टाकायची. हात चालू तसं तोंडही चालू.

"पलीकडच्या रांगेत बघ, युद्धातून पळून आलेले सगळे सीरियावाले. आपली माणसं मातीखाली आणि हे ब्लँकेटं पळवतायत. चोर मेले!"

"मावशी, मुलांसमोर नको."

"त्यांना काय कळतंय गं!"

नेविन येऊन नऊ दिवस झाले होते. दुपारी जेवणं चालली असताना जमीन पुन्हा हलली. खांब करकरले, पातेलं कलंडलं, मुलं रडत बाहेर पळाली. बोन्जुक नेविनच्या गळ्याला पडून किंचाळली, "यम्मा! यम्मा!" आईला हाका मारत ती मग भडाभडा अरबीत बोलत सुटली.

दोंदू मावशी पळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. "अगं बाई! ही त्यांच्यातली?"

नेविनने पोरीला उचलून पाण्याच्या टँकरमागे नेलं. बऱ्याच वेळाने हुंदके थांबले.

"तुला तुर्की येतं?"

"येतं. मी पहिलीत आहे. माझं नाव रीम." शब्द जड येत होते, पण चुकत नव्हते. "आई म्हणायची, परक्यांसमोर बोलायचं नाही. बोललीस की कळतं आपण कोण ते. मग मारतात."

बेकरीवर तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. इमारत कोसळल्यावर रीम ढिगाऱ्याच्या फटीतून बाहेर आली आणि समोरच्या फुटपाथवर बसून राहिली.

"आईचा आवाज नव्हता. बाबा पाइपवर ठोकत होते. मग हेल्मेटवाले काका आले. सगळ्यांना गप्प केलं आणि ओरडले, आत कुणी आहे का? तेव्हाच बाबा थांबले होते. मग मला विचारलं, पोरी, तुझं कुणी आहे का आत?"

"तू काय सांगितलंस?"

"काहीच नाही. ते पुढच्या घराकडे गेले. मग बाबा परत ठोकायला लागले. दुसऱ्या दिवसापर्यंत."

टँकरच्या नळातून पाणी ठिबकत होतं.

"मी बोलले असते तर बाबा निघाले असते?"

"यात तुझी काही चूक नाही, राणी."

"ते नाही विचारलं मी."

"नाही," नेविन म्हणाली. "नसते निघाले."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बेकरी शोधत गेली. तिथे सपाट जमीन होती. मढी नंबर टाकून कधीच पुरली, असं ढिगारे उपसणाऱ्या यंत्रावरच्या माणसाने सांगितलं. आता नाव कळल्यामुळे मेर्सिन शहरातला तिचा काका मात्र सापडला.

दोन दिवस दोंदू मावशीने रीमकडे न बघताच सूप वाढलं. तिसऱ्या दिवशी ती नेविनशेजारी येऊन बसली. "किती वेळा बोलले असेन गं मी तिच्यासमोर?"

"रोज," नेविन म्हणाली. तिला धीर द्यायचं नेविनच्या जिवावर आलं.

शनिवारी काका आला. मोडकं तुर्की बोलणारा, वाकलेला माणूस. रीमला छातीशी धरून तो खूप रडला. निघताना त्याने नेविनला बाजूला घेतलं, पण रीमने त्याचं बोट सोडलं नाही.

"ताई, माझा भाऊ लगेच गेला ना? त्रास नाही ना झाला त्याला?"

रीम मान वर करून नेविनकडे बघत होती.

"लगेच," नेविन म्हणाली.

"अल्लाची कृपा," म्हणत काकाने बाहीने डोळे पुसले आणि पोरीला व्हॅनमध्ये बसवलं. नेविनने हात हलवला. रीमने नाही हलवला.