कुणाची गरज न लागणारं औषध

मुलीची आई होती तोवर टेलरमास्तरांना स्वतःच्या औषधाची काळजी कधी करावी लागली नाही. मेंदूखालच्या ग्रंथीचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्यांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन तयार होत नव्हतं, ते बाहेरून द्यावं लागे. दर तीन आठवड्यांनी आई त्यांना शिलाई मशीनवरून उठवी, पालथं झोपवी आणि इंजेक्शन टोची. जन्मभर गिऱ्हाइकांना टाचण्या टोचल्यात, आता भोगा, म्हणे. या इंजेक्शनचा जोर आधी चढतो आणि मग ओसरतो, हे तिनं डॉक्टरांच्या आधी ओळखलं होतं. पहिल्या आठवड्यात वाघ, तिसऱ्यात भिजलेलं मांजर. म्हणून घरातले नाजूक विषय ती मधल्या आठवड्यासाठी राखून ठेवी. मुलीचं परगावी नोकरीला जाणंही तिनं असंच मधल्या आठवड्यात त्यांच्या गळी उतरवलं होतं.

आई वारली आणि इंजेक्शनही थांबलं. मास्तर कुणाला काही बोलले नाहीत. मुलगी आली तेव्हा दुकानात बिनबाह्यांचे कोट तसेच टांगलेले, गिऱ्हाइकं दार वाजवून परत जात होती, आणि मास्तर दिवसाढवळ्या अंथरुणात. तिला वाटलं, दुःख आहे. ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, दुःख आहेच, पण निम्मं तरी रक्तातलं आहे.

मग त्यांनी एकेक पर्याय समजावून सांगितला. नेहमीचं इंजेक्शन स्वस्त, पण चढउतार फार, आणि ते द्यायला कुणीतरी हवं. काही महिने पुरणारं दुसरं एक असतं, ते दवाखान्यातच घ्यावं लागतं. पट्टी रोज चिकटवायची, पण तिनं कातडीला खाज सुटते. जेल रोज सकाळी खांद्यांना चोळायचं. प्रमाण बरंचसं सारखं राहतं, आणि कुणाची गरज लागत नाही.

एवढं ऐकल्यावर मुलीनं पुढचं ऐकायचं सोडलं. तिला परत जायचं होतं. तिकडे नोकरी होती, नवरा होता, आणि तिला चौथा महिना लागला होता.

"जेलच द्या," ती म्हणाली. कुठलं हवं ते बाईंनी मास्तरांना विचारलं होतं, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

"एक पथ्य आहे," बाई म्हणाल्या. "लावलेल्या जागेचा स्पर्श बायकांना, मुलांना होऊ द्यायचा नाही. पोटुशी बाईला तर मुळीच नाही. घरात कोण कोण असतं?"

"कोणी नाही," मास्तर म्हणाले.

ती शेजारच्याच खुर्चीत बसली होती.

औषध लागू पडलं. मास्तर उठले, दाढी केली, कोटांना बाह्या लागू लागल्या. मुलीनं जायचा दिवस ठरवला. त्या सकाळी बॅग दाराशी ठेवून ती त्यांना मिठी मारायला पुढे झाली, तर मास्तर झटकन कापायच्या टेबलामागे सरकले.

"लांब राहा गं. नुकतंच लावलंय."

"बाबा, शर्ट घातलाय ना तुम्ही? वाळल्यावर शर्टावरून चालतं, बाईंनी सांगितलंय."

"बाईंना औषध कळतं. कापड मला कळतं. कापड सगळं पितं."

त्यांची समजूत घालण्यात अर्थ नव्हता. जन्मभर परक्यांच्या छातीभोवती टेप फिरवलेला माणूस टेबलाआड हात पाठीमागे बांधून उभा होता. तिनं पोटावर हात ठेवला आणि तिच्या लक्षात आलं, आपण स्वतःची सोय पाहिली, आणि आता यांना खरोखरच कुणी हात लावणार नाही.

"आंघोळ केलीत तर चालेल?" तिनं विचारलं.

"आत्ता केली तर आजचं औषध वाया. दुपारी करता येईल." मग म्हणाले, "तुझी गाडी चुकेल."

"चुकू दे."

तिनं बॅग आत घेतली. टेबलाच्या अलीकडे ती बसली, पलीकडे मास्तर. एकमेकांशी थेट बोलायची सवय दोघांनाही नव्हती. आजवर जे काही बोलायचं ते आईमार्फतच. तिच्या नोकरीची खबर त्यांना आईकडून मिळे, त्यांच्या गुडघेदुखीची तिलाही आईकडूनच.

जावई बरे आहेत का, असं मास्तरांनी विचारलं. ती म्हणाली, बरे आहेत. मास्तरांनी टेबलावरचा टेप गुंडाळून ठेवला आणि पुन्हा तेच विचारलं. या वेळी तिनं सविस्तर सांगितलं.