मी आत आहे

दामोदररावांनी हातात पाना घेतला की विद्याबाईंना धास्ती वाटायची. माणूस काही अडाणी नव्हता. जन्मभर सरकारी कारखान्यात विमानांची इंजिनं उघडून पुन्हा बसवलेली. पण विमानाचं इंजिन उघडताना भोवती चार जाणती माणसं असतात, आणि घरातला नळ उघडताना एकटी बायको असते, तिचं ऐकायचं नसतं, एवढाच काय तो फरक. गेल्या वर्षी पंखा पुसताना ते स्टुलावरून पडले होते. तेव्हापासून ते भिंतीत साधा खिळा ठोकायला निघाले तरी बाईंचा जीव टांगणीला लागे.

या खेपेला नळ होता बाथरूममधला, गरम पाण्याचा. बेंगळुरातल्या राजाजीनगरात बोअरचं पाणी म्हणजे काय प्रकार आहे ते तिथे राहणाऱ्यालाच विचारा. बादलीला पांढरा थर, तांब्याला पांढरा थर, नळाच्या पोटातही तोच. नळ आधी घट्ट झाला, मग दोन हातांनी फिरवावा लागू लागला, आणि परवापासून जागचा हलेचना. उन्हाळा होता म्हणून बरं, गार पाण्यानं आंघोळी उरकल्या. शिवकुमार प्लंबरला फोन केला की तो म्हणे, "नाळे बर्तीनी अक्का." उद्या येतो. त्याचा उद्या काही उजाडेना. सर्जापूर रोडला राहणारा मुलगा मकरंद म्हणाला, "बाबा, तुम्ही हात लावू नका, मी रविवारी माणूस घेऊन येतो." झालं. मुलानं हात लावू नका म्हटल्यावर बाप गप्प बसतो होय?

"अहो, रविवार काही लांब नाही," विद्याबाई म्हणाल्या.

"नळाला कसला माणूस आणायचा? आतला दांडा, तो स्पिंडल, काढायचा, क्षार खरवडायचे, तेल लावायचं, परत बसवायचा. संपलं काम."

"पाणी बंद केलंत का?"

"आता हे तू मला शिकव."

गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद करून ते खाली आले. बाथरूममधला गार पाण्याचा नळ सोडून त्यांनी बायकोला दाखवला. थोडं पाणी आलं, मग नुसतं ठिबकलं, मग तेही थांबलं. "बघ. थेंब नाही." मग कानातलं मशीन काढून त्यांनी टेबलावरच्या डबीत ठेवलं, कारण पाणी लागलं की ते बिघडतं. मोबाइलही त्याच्याच शेजारी ठेवला. मोरीच्या जाळीवर फडकं टाकलं, स्क्रू जाऊ नये म्हणून. पाट मांडला तो नळाच्या पुढ्यात, बसलं की तोंड बरोबर नळासमोर येईल असा. एवढी सगळी काळजी घेतली, आणि दार ओढून आतून कडी घातली. जन्माची सवय. बाथरूममध्ये पाऊल टाकलं की त्यांचा हात आपसूक कडीकडे जायचा, मग आंघोळ असो नाहीतर नळ.

"अहो, कडी कशाला?" बाई म्हणाल्या, पण मशीन डबीत होतं. बोलून उपयोग नव्हता.

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी जेवणाची ताटं सिंकमध्ये ठेवली. पाणी भरून ठेवलेलं पातेलं शेजारीच होतं. आतून हातोडीचे ठोके ऐकू येत होते. ठोके येताहेत तोवर माणूस ठीक आहे, असं मनाशी म्हणत त्यांनी तुपाची वाटी उचलली, आणि तूप निघायला गरम पाणी हवं म्हणून रोजच्यासारखा सिंकचा डावा नळ फिरवला. पाणी बंद आहे हे त्यांना ठाऊक होतं, त्यांच्या हाताला नव्हतं.

नळाला पाणी आलं. धो धो आलं, वाफा निघणारं, आणि त्यांची बोटं चरचर भाजली.

क्षणभर त्यांना कळेचना. पाणी तर बंद केलंय. गार पाणी बंद केलंय. आणि मग सगळं एकदम कळलं.

सोलर. मकरंदनं गच्चीवर पाणी तापवायचा सोलर बसवून दिला तेव्हा दामोदरराव बहिणीकडे बेळगावला गेले होते. कामगारांना ताक देत उन्हात उभ्या होत्या त्या विद्याबाई. टाकीतून घरात उतरणारा पाइप जुना, सोलरला जाणारा नवा, आणि दोघांचे कॉक वेगळे. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दामोदररावांच्या डोक्यातला घराचा नकाशा मात्र सोलरच्या आधीचा होता. त्यांनी जुना कॉक बंद केला, गार नळ कोरडा पडला, गडी खूश. गरम नळ सोडून बघायचा तर तोच जाम. वर सकाळपासून ऊन तापत होतं, दोन दिवस आंघोळीला कुणी गरम पाणी घेतलं नव्हतं. ती अख्खी टाकी आता त्या एका स्पिंडलच्या मागे दाटून उभी होती, आणि स्पिंडलच्या पुढे त्यांच्या नवऱ्याचं तोंड होतं.

सिंकचा नळ तसाच उघडा टाकून त्या धावल्या. निदान तेवढा तरी जोर कमी होईल.

"अहो, थांबा! सोडू नका तो नळ!" त्यांनी दारावर थापा मारल्या. आत ठोके चालूच. हातोडीच्या आवाजात थापांचा आवाज त्यांना वेगळा कळणार तरी कसा? फोन करावा, तर फोन टेबलावर. गच्चीवर जावं, तर दोन मजले, आणि त्यांचे गुडघे. वर पोचेपर्यंत खाली काय झालं असेल ते त्यांना मनातही आणवेना. दार जुनं सागवानी, त्या एकटीच्या धक्क्यानं हलायचंसुद्धा नाही.

तेवढ्यात ठोके थांबले. आता पाना लागल्याचा आवाज आला, कर्रर्र. सैल होत होता तर. दोन दिवस न हललेला मेला नळ आत्ताच हलायला लागला होता.

विद्याबाईंनी पुन्हा दार बडवलं, आत काही पोचलं नाही. दाराच्या चौकटीला धरून त्या उभ्या राहिल्या तर बोटांना बटण लागलं. बाथरूमच्या दिव्याचं बटण, बाहेरच्या भिंतीवर.

त्या बटणावरून या घरात जन्माची भांडणं झाली होती. जाता येता दिवा दिसला की बंद करायचा ही बाईंची खोड, आणि आतून आंघोळीच्या साबणासकट दामोदररावांची बोंब ठरलेली. शेजारच्यांनी घर वाढवल्यापासून खिडकीतून उजेड येत नव्हता, दुपारीसुद्धा आत मिट्ट काळोख.

त्यांनी बटण दाबलं.

पाना थांबला. बाईंनी दाराला कान लावला. आता ओरडतील, आता कडी काढतील. पण आत शांत. मग त्यांच्या ध्यानात आलं, त्यांना वाटत असणार करंट गेला. बेंगळुरात करंट जायचा नि यायचा, त्याचं कोण काय मनावर घेतं. आणि मग अंधारातच पुन्हा पाना सरकल्याचा आवाज आला. डोळे मिटून इंजिन खोलीन, असं पाहुण्यांना सांगत फिरणारा माणूस तो. जरा थांबेल तर शपथ.

"देवा, नको रे," बाई म्हणाल्या, आणि बटण चालू केलं, बंद केलं, चालू, बंद, चालू, बंद, हाताला कळ लागेपर्यंत करत राहिल्या. करंट असा येत-जात नाही. असं एकच बाई करते.

"अगं विद्या, मी आत आहे!"

इतक्या वर्षांत त्या वाक्याचा त्यांना इतका आनंद कधी झाला नव्हता. कडी निघाली. घामानं निथळलेले दामोदरराव पाना घेऊन दारात उभे राहिले. "अक्कल आहे का? शेवटच्या आट्यावर आलं होतं..."

बाईंनी नवऱ्याचं मनगट धरलं आणि ओढत त्याला स्वयंपाकघरात नेलं. सिंकचा नळ अजून वाहत होता, खिडकीची काच वाफेनं धुरकटली होती. दामोदररावांनी पाण्यात बोट घातलं आणि झटकन मागे घेतलं. समजावून सांगायची गरज नव्हती, माणूस इंजिनियर होता.

पाना ठेवून ते गच्चीवर गेले, बाई कठड्याला धरून मागोमाग. दुसरा कॉक बंद झाला. खाली येऊन सिंकचा नळ कोरडा पडेपर्यंत दोघंही त्याच्यापाशी उभी राहिली. मग दामोदरराव बाथरूममध्ये पाटावर जाऊन बसले. या वेळी दार सताड उघडं होतं.

पाना लावावाच लागला नाही. दोन बोटांनी फिरवलं, जेमतेम अर्धा आटा, आणि अख्खा स्पिंडल त्यांच्या तळहातात आला. मागून पाइपात उरलेलं कढत पाणी बदाबदा पाटावर सांडलं. ते पाय आखडून मागे सरले, आणि नळाच्या त्या उघड्या भोकाकडे बघत बसले.

मग ते उठले, हात पुसून टेबलापाशी गेले, डबीतून मशीन काढून कानात बसवलं.

"बोल," ते म्हणाले. "काय म्हणत होतीस?"

बोलण्यासारखं पुष्कळ होतं, लग्न झाल्यापासूनचं होतं. विद्याबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना हुंदकाच फुटला. दामोदरराव शेजारी खुर्ची ओढून बसले, आणि त्यांचं रडणं संपेपर्यंत ऐकत राहिले.